पिकअप घेण्याआधी काट्यावर जा

शोरूममध्ये पिकअपभोवती एक फेरी मारून झाली की पहिला प्रश्न येतो, 'किती टन घेते?' विक्रेता सांगतो, 'कागदावर वन पॉइंट सेव्हन, पण अडीच टन आरामात ओढते. आपल्या भागात सगळे तेवढंच भरतात.' नऊ-दहा लाखांचा व्यवहार पुष्कळदा एवढ्या बोलण्यावर ठरून जातो. विक्रेता खोटं बोलत नसतो. आजची डिझेल इंजिनं अडीच टन खरंच ओढतात. पण मालवाहू गाडीची कुवत ओढण्यावरून कळत नाही. तेवढं ओझं घेऊन कसारा घाट उतरताना ती वेळेवर थांबते का, चौथ्या वर्षी तिची चासी शाबूत असते का, बिघडली तर किती दिवसांत पुन्हा रस्त्यावर येते, यावरून ती कळते. टोमॅटो, कांदा, दूध, द्राक्षं, सिमेंट, उन्हाळ्यात पाणीसुद्धा महाराष्ट्रात पिकअपवर फिरतं. कितीतरी घरांचा महिना या एका गाडीवर निघतो. तिची निवड ऐकीव गोष्टींवर सोडून चालणार नाही.

म्हणून माझा पहिला सल्ला असा, की शोरूममध्ये जाण्याआधी वजनकाट्यावर जा.

आरसी बुकात दोन आकडे असतात. ग्रॉस वेट म्हणजे गाडी, डिझेल, चालक, हेल्पर, हौदा, ताडपत्री आणि माल या सगळ्यांसकट रस्त्यावर चालायला परवानगी असलेलं जास्तीत जास्त वजन. अनलेडन वेट म्हणजे रिकाम्या गाडीचं वजन, चालक न धरता. जाहिरातीतला पेलोड या दोहोंच्या वजाबाकीतून येतो. गोम अशी की ज्या रिकाम्या अवस्थेत गाडी मोजलेली असते, त्या अवस्थेत तुम्ही ती एक दिवसही चालवत नाही. डिलिव्हरी घेतली की आठवड्याभरात तिच्यावर लोखंडी पिंजरा चढतो, हौद्यात जाड पत्रा बसतो, पुढे गार्ड येतो, टपावर कॅरियर येतं. त्यात दोन माणसं, ताडपत्री, दोरखंड, जॅक आणि पान्यांची पेटी. यातला प्रत्येक किलो तुमच्या मालातून वजा होतो.

तुम्हाला जे मॉडेल घ्यायचं आहे ते गावात किंवा शेजारच्या गावात कुणाकडे तरी असतंच. त्याला विनंती करा. टाकी फुल, चालक आणि हेल्पर आत, पिंजरा आणि ताडपत्री जागेवर, अशी ती गाडी काट्यावर चढवा आणि पावती घ्या. आरसीवरच्या ग्रॉस वेटमधून पावतीवरचं वजन वजा करा. जे उरेल तो तुमचा खरा पेलोड.

समजा ग्रॉस ३४०० किलो आहे आणि काट्यावर गाडी १९५० भरली. माल उरला १४५० किलो. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचं क्रेट वीस किलोच्या हिशोबाने चालतं. रिकाम्या क्रेटचे दीड-दोन किलो धरले तर एक क्रेट बावीस किलोचं झालं. म्हणजे वाशीच्या मार्केटला एका खेपेत ६५ क्रेट. हौद्यात जागा शंभराला असेल, तरी गाडीला पेलवणारे पासष्टच. आता तुमच्या पट्टीतून हंगामात दर तोड्याला किती क्रेट निघतात ते आठवा आणि मग ठरवा की ही गाडी तुमची आहे, तिच्याहून मोठी हवी, की लहानही पुरेल.

हाच हिशोब दुसऱ्या मालाचा. सिमेंटची गोणी ५० किलोची, म्हणजे वरच्या गाडीत २९ गोण्या. चाळीस लिटरचा दुधाचा कॅन भरला की कॅनसकट पन्नास किलोच्या आसपास जातो. वाळू किंवा क्रश सँडचा एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, आणि त्याचं वजन साधारण साडेचार टन. अर्धा ब्रास सव्वादोन टनांच्या आसपास जातो. 'अर्धा ब्रास टाका पिकअपमध्ये' हे बांधकामावर रोज ऐकू येतं, आणि बाजारातल्या दोन टनी पिकअपलासुद्धा तो कायद्याने आणि बांधणीने झेपत नाही. ओली वाळू तर आणखी जड.

पाण्याबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण दुष्काळी तालुक्यांत हौद्यात टाकी बांधून पाणी वाहणाऱ्या पिकअप वाढल्या आहेत. हजार लिटर म्हणजे हजार किलो, हे सोपं आहे. अवघड आहे ते अर्धवट भरलेल्या टाकीतलं हलणारं पाणी. वळणावर ते एका बाजूला धावतं, ब्रेक लावला की पुढे आपटतं, आणि वजन मर्यादेच्या आत असूनही गाडी कलंडू शकते. टाकीत आडवे पडदे असलेच पाहिजेत, टाकी चासीला पट्ट्यांनी आवळलेली असली पाहिजे, आणि पडदे नसतील तर टाकी पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी करूनच गाडी हलवावी. भरलेली टाकी पेलोडमध्ये बसत नसेल तर टाकी लहान घ्या. कमी भरून चालवण्याच्या भरवशावर मोठी टाकी घेऊ नका.

हौद्याची लांबी आणि वजनाची कुवत हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि गिऱ्हाईक त्यांची गल्लत करतं. कोथिंबीर, फुलं, कापूस, रिकामी क्रेटं, फर्निचर असा फुगीर माल असेल तर नऊ-दहा फुटी हौदा घ्या, टनाची चिंता कमी करा. खत, कांदा, सिमेंट, फरशी असा जड माल असेल तर आखूड हौदाच बरा, कारण लांब हौदा रिकामा दिसला की भरणाऱ्याचा हात थांबत नाही. शिवाय जड माल मागच्या चाकांच्या मागे, फाळक्याजवळ गेला की पुढचा भाग हलका होतो आणि घाटात स्टिअरिंग पोकळ लागतं. जड गोण्या कॅबिनच्या पाठीला लावून मागच्या चाकांपर्यंतच थांबवायच्या, ही शिस्त हेल्परला पहिल्याच दिवशी लावा.

आता गाड्यांकडे वळू. टनाखाली टाटा एस आहे. २००५ साली आलेल्या या गाडीला लोक अजूनही छोटा हत्ती म्हणतात. साडेसातशे किलोच्या आसपासचा माल, गल्लीबोळ, शहरातल्या खेपा यांसाठी ती ठीक. मारुतीची सुपर कॅरी याच वर्गातली, पेट्रोल आणि सीएनजीवर चालणारी. पेट्रोल गाडीचा पेलोड ७४० किलो आहे आणि सीएनजीचा ६२५. हे शंभराहून अधिक किलो गेले कुठे, तर गॅसच्या टाक्यांत आणि त्यांच्या चौकटीत. सीएनजीच्या स्वस्त किलोमीटरचा हिशोब मांडताना दर खेपेला कमी जाणारा मालही मांडा. आणि रोज घाट असेल तर सीएनजीवर चढाला ताकद कमी पडते, हेही धरा.

खरी चुरस आहे ती दीड ते दोन टनांच्या गाड्यांत. या वर्गात महिंद्राची बोलेरो पिकअप सर्वाधिक खपते. १.३ आणि १.७ टन ही तिची जुनी मापं. २०२३ मध्ये मॅक्स मालिकेतली एचडी २.० दोन टनांचा पेलोड घेऊन आली. इंजिन अडीच लिटरचं, चार सिलिंडरचं, ताकद जेमतेम ७५ ते ८० हॉर्सपॉवर. कागदावर हे कमी वाटतं. पण मोठ्या इंजिनातून थोडीच ताकद काढली की त्याच्यावर ताण कमी येतो, आणि खालच्या गिअरमध्ये हळू चालतानाही ते ओढत राहतं. या गाडीचा सगळ्यात मोठा गुण मात्र इंजिनाबाहेर आहे. तिचे पाटे, क्लच प्लेट, हबचे बेअरिंग तालुक्याच्या दुकानात मिळतात, आणि ते बसवणारा मिस्त्री गावातच असतो.

टाटाची योद्धा २.२ लिटर इंजिनाची, १०० हॉर्सपॉवर आणि २५० न्यूटन मीटर टॉर्कची. योद्धा २.० ही दोन टनांची आवृत्ती २०२२ मध्ये आली. आकड्यांत ती बोलेरोच्या पुढे आहे आणि भरलेल्या गाडीने चढ काढताना हा फरक पायाखाली कळतो. रोज आंबा, कुंभार्ली किंवा माळशेज घाट ओलांडणाऱ्याने, आणि ज्याच्या गावापासून टाटाचं वर्कशॉप तासाभराच्या आत आहे त्याने, ती आधी चालवून पाहावी असं मी म्हणेन. तासाभराच्या आत, ही अट मात्र सोडू नका.

अशोक लेलँडची दोस्त २०११ मध्ये निसानच्या भागीदारीतून आली आणि बडा दोस्त २०२० मध्ये. दोन्हींत दीड लिटरचं तीन सिलिंडरचं डिझेल इंजिन आहे. टाटाची इंट्रा व्ही-५० ही दीड टनांची, व्ही-७० ही १७०० किलोंची. सपाट रस्ता, ठरलेला मार्ग, रोज सकाळी भाजी किंवा दूध आणि दुपारपर्यंत घर, अशा कामाला या गाड्या बोलेरो-योद्ध्याहून सोयीच्या पडतात. कॅबिन मोकळी, वळायला सोपी, इंजिन लहान म्हणून डिझेल कमी. काळ्या मातीतल्या कच्च्या वाटेने बांधापर्यंत जायचं असेल तर मात्र मी त्या घेणार नाही. तिथे खालून उंच आणि जाड चासीची गाडी लागते. पावसाळाभर बागेतूनच माल काढावा लागणार असेल तर योद्ध्याच्या फोर बाय फोरची चौकशी करा, पण चार दिवसांच्या चिखलासाठी बारा महिने जास्तीचा खर्च अंगावर घेऊ नका.

इसुझूची डी-मॅक्स दणकट आहे, चालवायला शांत आहे. पण तिचं सेवाकेंद्र मोठ्या शहरांपुरतं असतं. पुण्यात राहणाऱ्याने विचार करावा, जतमध्ये राहणाऱ्याने दहा वेळा करावा.

या सगळ्यांत निवड करताना माझी एकच कसोटी असते. वर्षातल्या तीनशे दिवसांचं ओझं ज्या गाडीत ग्रॉस वेटच्या आत बसतं ती गाडी. हंगामाच्या ऐन दहा-पंधरा दिवसांत माल दुप्पट निघतो हे खरं, पण त्या दिवसांना शेजाऱ्याची गाडी भाड्याने सांगा. त्या पंधरा दिवसांसाठी मोठी गाडी घेतली तर उरलेलं वर्ष तिचा हप्ता आणि डिझेल अर्ध्या रिकाम्या हौद्याने फेडायचं. आणि लहान गाडीवर दुप्पट ओझं लादलं तर त्या पंधरा दिवसांत तिचं पुढचं वर्ष खर्ची पडतं.

दुप्पट ओझ्याचा विषय निघालाच आहे, तर जादा पाट्यांबद्दल सविस्तर बोलू, कारण इथे जीव जातात. नवी गाडी घेतली की पहिली भेट पाटेवाल्याकडे, हा रिवाजच झाला आहे. मागच्या कमानपाट्यांत एक-दोन पाटे वाढवले की गाडी भरल्यावर बसत नाही, दिसायला ऐटीत उभी राहते, आणि मालकाला वाटतं कुवत वाढली. वाढलेला असतो फक्त पाट्यांचा ताठपणा. ॲक्सल, हबचे बेअरिंग, चासी, टायर आणि ब्रेक जसेच्या तसे असतात. बसायचं थांबल्यामुळे ओझं जास्त झाल्याची जी खूण दिसायची तीही नाहीशी होते.

याहून गंभीर गोष्ट ब्रेकची आहे. अनेक पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलजवळ एक लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह असतो. मागचा भाग ओझ्याने किती खाली बसला आहे ते एका दांडीवरून ओळखून तो मागच्या ब्रेकला किती दाब सोडायचा ते ठरवतो. गाडी रिकामी असेल तर कमी दाब, म्हणजे मागची चाकं जाम होऊन घसरत नाहीत. भरलेली असेल तर जास्त. तुम्ही पाटे ताठ केले की अडीच टन भरूनही मागचा भाग बसत नाही, व्हॉल्व्हला गाडी रिकामी वाटते, आणि तो मागचा ब्रेक कमी करतो. म्हणजे ओझं सर्वात जास्त असताना मागची चाकं सर्वात कमी थांबवतात आणि सगळा भार पुढच्या ब्रेकवर येतो. पाटेवाला हे सांगत नाही, बहुतेक वेळा त्याला ठाऊकच नसतं. तुमच्या गाडीला हा व्हॉल्व्ह आहे का ते वर्कशॉपमध्ये खाली वाकून दाखवून घ्या, आणि असेल तर पाट्यांना हात लावू नका.

टायरचाही हिशोब सोपा आहे आणि तो कुणी करत नाही. टायरच्या कडेला मापानंतर एक आकडा छापलेला असतो, उदाहरणार्थ ११३. त्याचा अर्थ ते एक टायर पूर्ण हवेत जास्तीत जास्त ११५० किलो पेलतं. मागची दोन मिळून २३०० झाली. रिकाम्या गाडीचे सात-आठशे किलो मागच्या चाकांवर आधीच असतात. त्यावर अडीच टनांतला बहुतेक भार आला की तीन टनांच्या घरात जातो. मे महिन्याच्या दुपारी डांबर तापलेलं, हवा थोडी कमी, आणि वेग ऐंशीचा. असं टायर फुटणारच, त्याला नशिबाची गरज नाही. हवा सकाळी, गाडी निघण्याआधी, टायर थंड असताना तपासायची.

घाट उतरताना ब्रेक जी उष्णता पोटात घेतात ती गाडीच्या एकूण वजनाच्या प्रमाणात असते. ३४०० किलोंऐवजी ४२०० किलो घेऊन उतरलात, तर तेवढ्याच उतारावर जवळपास पाव पट जास्त उष्णता. ब्रेक तापले की पायाखाली पेडल असतं, पण गाडी थांबत नाही. म्हणून ज्या गिअरमध्ये घाट चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा, आणि ब्रेक सतत दाबून न ठेवता दाबून सोडा, पुन्हा दाबा. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून, कधी इंजिनही बंद करून उतरणारे चालक अजून आहेत. ब्रेकला मदत करणारी व्हॅक्यूमची ताकद इंजिन चालू असतानाच तयार होते. इंजिन बंद झालं की दोन-तीनदा पाय दिल्यावर ती संपते आणि पेडल दगडासारखं होतं. तुमची गाडी दुसरा कुणी चालवणार असेल तर ही एक गोष्ट त्याच्याशी स्पष्ट बोलून घ्या.

कायद्याचं थोडक्यात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात ओव्हरलोडला वीस हजार रुपये दंड आहे, वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार. जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलवू देत नाहीत, आणि उतरवण्याचा खर्चही तुमचाच. टोमॅटो भर उन्हात रस्त्याकडेला उतरवावे लागले तर त्या मालाचं काय होतं ते सांगायला नको. ग्रॉस वेट ३००० किलोंपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. काही मॉडेलांचं ग्रॉस म्हणूनच तीन हजारांच्या किंचित आत ठेवलेलं दिसेल. लायसन्सबद्दल बरीच वर्षं गोंधळ होता. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये तो मिटवला. हलक्या मोटार वाहनाचं लायसन्स असलेल्याला साडेसात हजार किलोंपेक्षा कमी ग्रॉसची मालवाहू गाडी चालवायला वेगळी नोंद लागत नाही.

आणि हौद्यात माणसं बसवू नका. खुरपणीला जाणाऱ्या बाया असोत, वऱ्हाड असो की जत्रेला निघालेली भावकी. मालाचा मालक किंवा त्याने नेमलेला माणूस सोडला तर मालवाहू गाडीत बसलेल्यांना विम्याचं संरक्षण नसतं. अपघात झाला तर भरपाई मालकाच्या सात-बारावर येऊ शकते, आणि गेलेला माणूस तर कशानेच परत येत नाही.

ट्रॉली किंवा ट्रेलर ओढण्याची चौकशी आपल्याकडे कमी होते, कारण ते काम ट्रॅक्टर करतो. अमेरिकेत मात्र पिकअपची ओळखच ती आहे. फोर्ड सुपर ड्यूटी, रॅम ३५०० किंवा शेवरोले सिल्व्हराडो ३५०० एचडी यांच्या सर्वात ताकदवान डिझेल आवृत्त्या सोळा टनांहून जास्त ओढतात, आणि घोड्यांचे, गुरांचे, यंत्रांचे ट्रेलर त्यांच्यामागे रोज धावतात. तिथल्या खरेदीदाराला पाठ असलेला एक नियम आपल्यालाही उपयोगी आहे. ट्रेलरच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार जोडणीच्या टोकावर, म्हणजे ओढणाऱ्या गाडीच्या मागच्या चाकांवर येतो, आणि तो पेलोडमध्येच मोजायचा असतो. फवारणीचा ब्लोअर, जनरेटर किंवा ब्रेकर-कॉम्प्रेसर पिकअपमागे लावायचा विचार असेल, तर आधी गाडीच्या हँडबुकात ओढण्याची मर्यादा दिली आहे का ते पाहा. दिली नसेल तर कंपनीकडून लेखी घ्या. वेल्डरकडून मागच्या बंपरला हूक जोडून घेणं हा त्यावरचा उपाय नाही, कारण बंपर ओढण्यासाठी बांधलेला नसतो.

आता टिकाऊपणा. एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि डिझेल पिकअपचं दुखणंखुपणं बदललं. जुन्या गाडीत मिस्त्री पंप खोलून धूर कमी-जास्त करायचा. आता कॉमन रेल इंजेक्टर, सेन्सर आणि सायलेन्सरच्या वाटेवर धुराची काजळी अडवणारी गाळणी, म्हणजे डीपीएफ, असते. साठलेली काजळी जाळायला धूर पुरेसा गरम व्हावा लागतो, आणि त्यासाठी गाडी काही वेळ सलग, बऱ्या वेगाने धावावी लागते. दिवसभर बाजारात चार-चार किलोमीटरच्या खेपा मारणाऱ्या गाडीला ती संधीच मिळत नाही. डॅशबोर्डवर दिवा लागतो, चालक दुर्लक्ष करतो, मग ताकद पडते आणि गाडी वर्कशॉपच्या दारात जाते. दिवा लागला की हँडबुकात सांगितल्याप्रमाणे हायवेवर एक सलग फेरी मारा, तेवढ्यावर पुष्कळदा काम भागतं. तुमचं सगळं काम शहरातल्या तुकड्या-तुकड्यांच्या खेपांचं असेल तर डिझेलचा आग्रह सोडा. तिथे सीएनजी किंवा एस ईव्हीसारखी विजेवरची गाडी बरी. गाळणी कापून पाइप टाकून देणारे लोक भेटतील. तसं केलं की वॉरंटी जाते, पीयूसी आणि फिटनेसला अडचण येते, आणि तो काळा धूर आपल्याच पोरांच्या छातीत जातो.

बाकी गोष्टी जुन्याच आहेत. ऑइल हँडबुकात लिहिलेल्या ग्रेडचंच घाला, कारण डीपीएफच्या गाडीला कमी राख सोडणारं ऑइल लागतं. कॅनमधलं सुटं डिझेल टाकू नका. त्यातलं पाणी इंजेक्टरला जातं आणि चार इंजेक्टरांचं बिल पाहून माणूस खाली बसतो. डिझेल फिल्टरमधलं पाणी वेळच्या वेळी काढा. घाट चढून वर थांबलात तर इंजिन लगेच बंद न करता मिनिटभर चालू ठेवा, म्हणजे तापलेल्या टर्बोला ऑइल मिळत राहील.

मॉडेल किती टिकाऊ आहे हे जाहिरातीवरून ठरवू नका, आणि एकाच नाराज मालकावरूनही नको. तुमच्या बाजार समितीच्या आवारात पहाटे जा. तुमच्यासारखाच माल, तुमच्याच रस्त्याने आणणाऱ्या, तीन वर्षांहून जुन्या गाडीच्या चालकांना विचारा. 'गाडी कशी आहे' विचारलंत तर 'एक नंबर' एवढंच उत्तर मिळेल. म्हणून विचारा, गेल्या वर्षात गाडी किती दिवस उभी राहिली, कशामुळे, आणि पार्ट यायला किती दिवस लागले. क्लच प्लेट किती किलोमीटरवर बदलली? मागचे पाटे किती वेळा तुटले? चार-पाच जणांची उत्तरं जुळायला लागली की तुम्हाला हवी ती माहिती मिळाली. मालक हप्त्याची आणि मायलेजची गोष्ट सांगतो, गाडीची गोष्ट चालकच सांगतो.

जुनी पिकअप घेत असाल तर चकचकीत रंगाकडे न पाहता खाली झोपा. टॉर्च घेऊन मागच्या पाट्यांचे हँगर जिथे चासीला बसतात तिथे वेल्डिंगच्या खुणा, जोडपट्ट्या किंवा तडे शोधा. तिथे वेल्डिंग दिसलं तर किंमत कितीही उतरली तरी परत या. पाट्यांची संख्या कंपनीच्या गाडीशी ताडून पाहा. मागच्या टायरची आतली कड जास्त घासली असेल तर ॲक्सल वाकलेला असू शकतो. चालवताना ॲक्सलरेटर देताना आणि सोडताना मागून वेगवेगळा घूं-घूं आवाज आला तर क्राउन-पिनियनचं काम निघणार. इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण उघडून पाहा. धूर जोरात फसफसत असेल तर पिस्टन-रिंग गेल्या. शेवटी कागद बघा. हायपोथिकेशन उतरलं आहे का, ई-चलान थकलेली आहेत का, फिटनेस कधी संपतो. मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस लागतो, तो खर्च किमतीत धरा. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत हस्तांतर आरटीओला कळवायचं असतं. सही केलेले कोरे फॉर्म खिशात ठेवून वर्षभर गाडी चालवण्याची पद्धत दोघांनाही गोत्यात आणते, कारण मधल्या काळात अपघात झाला तर दावा कागदावरच्या मालकावर येतो.

नवी गाडी ठरली की विक्रेत्याकडे भरलेल्या गाडीची ट्रायल मागा. रिकामी पिकअप सगळ्याच चांगल्या चालतात. सिमेंटच्या वीस-पंचवीस गोण्या टाकून, जो माणूस ती रोज चालवणार आहे त्यालाच स्टिअरिंगवर बसवा आणि जवळचा चढ-उतार करा. चढावर मध्येच थांबवून पुन्हा उचलायला लावा. उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये सोडून ती किती आवरते ते पाहा. एवढं करू द्यायला नकार देणाऱ्याकडून गाडी घेऊ नका, दुसऱ्या डीलरकडे तीच गाडी मिळते. डिलिव्हरीच्या दिवशी हौदा, पिंजरा सगळं बसवून झाल्यावर परत एकदा काट्यावर चढवा. ती पावती आणि उरलेल्या पेलोडचा आकडा कॅबिनमध्ये चालकाच्या डोळ्यांसमोर चिकटवा, किलोत आणि क्रेटमध्येही, म्हणजे भरणाऱ्याशी हुज्जत घालायला त्याच्या हाताशी काहीतरी राहील.